सँपल बंगल्यातली नवरी

१

भाताची पेंढी एकच होती आणि ती दर रविवारी झोडली जायची. दिवाळीनंतर खळं उरकलं तेव्हा शरीफाबींनी ती मुद्दाम बाजूला काढून ठेवली होती. मुंबई-ठाण्याचे पाहुणे आले की पेंढी त्यांच्या हातात द्यायची, त्यांनी ती लाकडी बाकावर दाणदाण आपटायची, एकमेकांचे व्हिडिओ काढायचे, आणि शेतकऱ्याचे कष्ट काय असतात ते आज कळलं असं म्हणत तांदळाच्या वाफवलेल्या सांदणांवर तुटून पडायचं. फेब्रुवारी लागला तरी पेंढी तीच. तिच्यात आता दाणा औषधालासुद्धा उरला नव्हता. पण एवढं झोडून खाली पडलं काय, हे वाकून पाहावं असं एकाही पाहुण्याला वाटलं नाही.

उमैमाला वाटायचं. लग्न होऊन ती म्हसळ्याकडून पोशीरला आली त्याला फार दिवस झाले नव्हते आणि पाहणं हाच तिचा इथला मुख्य उद्योग होता. बोलणं तिला जमत नसे. मनात वाक्य तयार व्हायचं, चांगलं खमंग व्हायचं, आणि ओठांपर्यंत येऊन परत फिरायचं.

सासरे मोहियुद्दीन यांचं शेतघर गावाबाहेर, आंब्यांच्या बागेला लागून. पाहुणे सकाळी यायचे, संध्याकाळचा चहा घेऊन जायचे. मधल्या वेळात त्यांना काय काय दाखवायचं हे सासूबाई शरीफाबी ठरवायच्या आणि उमैमाचा नवरा कामरान आपल्या टेंपो ट्रॅव्हलरमधून त्यांना फिरवायचा. नदीवरचा बांध, बैलगाडी, झोडणी, ठाकरवाडीच्या जनाबाईच्या हातची चुलीवरची भाकरी. आणि डिसेंबरात कुणा पाहुणीने हौसेने नव्या सुनेबरोबर फोटो मागितला, तेव्हापासून नवरी.

शनिवारी संध्याकाळी बैलांच्या शिंगांचे गोंडे आणि उमैमाचा लग्नातला जरीचा दुपट्टा एकाच पेटीतून बाहेर निघायचे. बैलाला गोंडे, मला दुपट्टा, ती मनात म्हणायची. बैलाला निदान पेंड तरी मिळते.

घरात तिला कुणी नावाने हाक मारत नसे. सासू, सासरे, नवरा, सगळ्यांची ती नवरी. या घराची रीतच तशी होती, पहिलं मूल होईपर्यंत सून ही नवरीच. शरीफाबी स्वतः कामरान होईपर्यंत नवरी होत्या आणि त्याने त्यांचं काही बिघडलं नव्हतं, असं त्या सांगायच्या. पहिला आठवडाभर उमैमाला ते गोड वाटलं. मग एकदा नेरळच्या बाजारात ओळखीच्या बाईने पाठीमागून "उमैमा" अशी हाक मारली तर ती चार पावलं तशीच पुढे चालत गेली. त्या रात्री ती चार पावलं मनात मोजत ती पहाटेपर्यंत जागी राहिली. राग हा शब्द तिने तेव्हा त्याला दिला नव्हता.

२

दुपारच्या जेवणानंतर पाहुण्यांना बंगला दाखवायचा असे.

शेतघराच्या मागे चढावर कुणा बिल्डरने प्लॉट पाडले होते. मोठी कमान उभारली, कमानीवर सिमेंटचे दोन घोडे बसवले, गवतात दगड पुरून रस्ते आखले, आणि गिऱ्हाइकांना भुलवायला म्हणून एकच घर बांधलं. गावात त्याला सँपल बंगला म्हणत. पुढे बिल्डर दिसेनासा झाला, घोड्यांचे कान पडले. जमीन मूळची मोहियुद्दीन यांची, म्हणून किल्ली त्यांच्याकडे राहिली. वरच्या मजल्यावरून पार माथेरानपर्यंतचा डोंगर दिसतो, तेव्हा तेही एक प्रेक्षणीय स्थळ झालं.

त्या घरात कधीच कुणी राहिलं नव्हतं. ते नुसतं बघण्यासाठी केलं होतं. हॉलमधला टीव्ही पुठ्ठ्याचा. कपाटातली पुस्तकं म्हणजे फळीवर चिकटवलेल्या पाठी. टेबलावरची सफरचंदं प्लॅस्टिकची, त्यातल्या एकावर कुणाच्या तरी दातांचे वण. भिंतीवर बटणं होती, आत वायर नव्हती. नळ लखलखीत, त्यांच्या मागे पाइपच नव्हता. वरच्या बेडरूममध्ये डबलबेड, त्यावरच्या गादीचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

उमैमाने शेतातल्या पायवाटेने आधी वर जायचं, दारं-खिडक्या उघडायच्या, फडका मारायचा. रस्ता उखडलेला असल्यामुळे कामरान गाडी कमानीपाशीच लावायचा. तिथेच मोबाइलला रेंज यायची, म्हणून तो खालीच थांबायचा आणि ओरडायचा, "नवरी, पाहुणे आले गं!" तिने "आले" म्हणून दारात यायचं आणि घर दाखवायचं. ती दाखवायची. हा हॉल. हे स्वयंपाकघर. वर बेडरूम. तेवढ्यात तिचं संपायचं, आणि पाहुणे एकमेकांकडे बघायचे.

"तोंड उघडलंस तर मोती सांडणार आहेत का गं तुझे?" शरीफाबी विचारायच्या. "चार शब्द बोलावेत माणसाने."

त्या रविवारी ती अशीच फडका मारत खालच्या बाथरूममध्ये शिरली. बेसिनवर एक साबण ठेवलेला असे, गुलाबी, धूळ खाऊन तडकलेला, शोभेचा. उमैमाने तो उचलला आणि तिच्या बोटांना बुळबुळीत लागला.

साबण ओला होता. तडा बुजला होता, कडा झिजल्या होत्या, खाली फेसाचा पांढरा ओघळ होता. तिने नळ फिरवून पाहिला. नळ कोरडा किरकिरला.

कुणी बाटलीतून पाणी आणलं असेल, ती स्वतःला म्हणाली. कमानीपाशी मोटारसायकली लावून पोरं-पोरी येतात, तसलंच कुणी खिडकीतून आत आलं असेल. खिडक्या तिने पाहिल्या. सगळ्यांच्या कड्या आतून लावलेल्या होत्या. मग किल्लीची नक्कल असेल. असतेच अशा घरांची.

पुढच्या रविवारी साबण आणखी झिजला होता.

३

त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी सांदणांचं झाकण काढताना वाफ तिच्या मनगटावर आली. शरीफाबी अंगणात पाहुण्यांना बैलांची नावं सांगत होत्या. जनाबाईने हाताला कोरफड लावली आणि उमैमा मागच्या खोलीत पडून राहिली. दुखत होतं हे खरं, पण दुखण्यापेक्षा तिला सुख वाटत होतं. आज दुपट्टा नाही, आज हॉल-स्वयंपाकघर-बेडरूम नाही. किल्ली दाराशेजारच्या खिळ्यावर आहे, कामरान नेईल. आज बंगला दाखवला तर तो दाखवेल, नाहीतर सिमेंटचे घोडे दाखवतील. ती तशीच झोपी गेली.

संध्याकाळी चहाच्या वेळी ती स्वयंपाकघरात कप मांडत होती तर ठाण्याच्या पाहुण्यांमधल्या एक बाई थेट आत आल्या आणि तिचे दोन्ही खांदे धरून म्हणाल्या, इतकं छान घर आम्हाला कुणीच दाखवलं नव्हतं. तू आमच्या आधीच खाली पोचलीस? पायवाटेने आलीस वाटतं. बाई हसतच होत्या.

"आणि काय गं तुझं ते, बैलाला गोंडे, मला दुपट्टा! बैलाला निदान पेंड तरी मिळते! माझे मिस्टर अजून हसतायत."

उमैमाने हातातला कप खाली ठेवला.

ते वाक्य तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, फोनवर आईला नाही. ते तिच्या डोक्यात होतं, आणि तिथल्या तिथेच तिने ते जपून ठेवलं होतं, जसा कुणी खाऊ ठेवतं.

पाहुणे गेल्यावर तिने सांगून पाहिलं की मी आज वर गेलेच नव्हते. शरीफाबी म्हणाल्या, हो का, मग फरिश्ते आले होते वाटतं, आणि तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. लग्नानंतर पहिल्यांदा. सासरे म्हणाले, सून खुलायला लागली, अल्हम्दुलिल्लाह. उमैमाने भाजलेलं मनगट पुढे केलं. शरीफाबी हळहळल्या. अशा हाताने वर गेलीस, इतक्या मायेने बोललीस, म्हणाल्या. किल्ली कुठे आहे ते ती बघायला गेली. खिळ्यावरच होती. आज लागलीच नाही, कामरान म्हणाला, तू आधीच उघडून बसली होतीस ना.

भीती वाटायला हवी होती. उमैमाला ते कळत होतं. पण तिच्या कानशिलांतून जे तापत वर चढत होतं ती भीती नव्हती. कुणीतरी तिच्या जागी उभं राहून गेलं होतं, आणि घरातल्या एकाही माणसाला फरक कळला नव्हता. कळला तो एवढाच, की आजची बरी होती.

४

दुसऱ्या दिवशी जनाबाई भाकरी थापता थापता तिच्याशी बोलेना. उमैमाने विचारलं तेव्हा ती फणकारली.

"मोठ्या घरची झालीस ना तू. परवा मी मोळी घेऊन बंगल्याखालनं चालले, तू वरल्या खिडकीत हुबी. मी हाक मारली, नवरी, पानी हाय काय गं? तर माज्याकडं बघून हसलीस नि पडदा ओढलास. मी काय चोर हाय?"

परवा मी अम्मींबरोबर शिंप्याकडे नेरळला होते, उमैमा म्हणाली. मग मी काय खोटी, जनाबाई म्हणाली, आणि तिने तव्यावरची भाकरी अशी उलटली की बोलणंच मिटलं.

दुपारी कामरान अंगणात गाडी धूत होता. उमैमा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मला नावाने हाक मारत जा."

त्याने पाण्याची नळी बाजूला धरली. आता हे काय नवीन, त्याने विचारलं.

"नवरी म्हटलं की ओ द्यायला कुणीही येईल. उमैमा म्हटलं तर मीच येईन."

"कुणीही म्हणजे कोण? तुझी सवत?" तो हसला. नळीतलं पाणी त्याने खेळकरपणे तिच्या पायांवर उडवलं. ती हलली नाही, तेव्हा त्याला थोडं खजील वाटलं असावं. सगळ्यांसमोर बायकोचं नाव घ्यायचं म्हणजे अम्मी काय म्हणेल, असं काहीतरी तो पुटपुटला. मग म्हणाला, "हे बघ, काल जशी बोललीस तशी बोलत जा. मग तुझं नाव घेऊन हाक मारतो, अख्ख्या पोशीरला ऐकू जाईल अशी. झालं समाधान?"

तिच्या तोंडाशी पुष्कळ आलं. काल कोण बोलली ते तुम्ही पाहिलंत का? वर चढून एकदा तरी आलात का? तुमच्या बायकोचा आवाज तुम्हाला ओळखू येतो का? चांगली धारदार वाक्यं होती. ती सगळी आली तशी परत फिरली, आणि परत फिरताना तिला पहिल्यांदा वाटलं, की आपण गिळतो ते जातं तरी कुठे?

तो गाडीचा आरसा पुसायला वळला होता.

५

रविवारी जेवणाची पंगत बसायच्या आधीच ती वर गेली. हाताला पट्टी, डोक्यावर दुपट्टा. आज जे कोण आहे ते समोरासमोर बघायचं होतं. तिने प्रत्येक खोली पाहिली, पलंगाखाली पाहिलं, कपाटं उघडली. खोट्या पुस्तकांवरून हात फिरवला. कुणी नव्हतं. मग पुढचं दार लोटून घेऊन ती वरच्या बेडरूममध्ये बसली, दाराकडे तोंड करून. हलली की गादीचं प्लॅस्टिक चुरचुरायचं, म्हणून ती हललीच नाही.

बसल्या बसल्या तिने ठरवलं. आज 'नवरी'ला ओ द्यायची नाही. बोलावू दे. घसा कोरडा होऊ दे. शेवटी चढून वर यावं लागेल आणि नाव घ्यावं लागेल, आणि सगळ्या पाहुण्यांसमोर घ्यावं लागेल. हे ठरवताना तिला इतकं बरं वाटलं की आपण इथे कशासाठी आलो हेही ती घटकाभर विसरली.

खाली गाडी थांबली. दारं सरकली. बायकांचे आवाज, कुणीतरी शिंकलं.

"नवरी, पाहुणे आले गं!"

एक, उमैमाने मनात मोजलं.

"अगं नवरी!"

त्याच्या आवाजात आता पाहुण्यांपुढची लाज होती. उमैमाने दात आवळले. घे नाव.

"नवरी! झोपलीस काय?"

"आले हं," खालच्या स्वयंपाकघरातून कुणीतरी म्हणालं.

आवाज उमैमाचाच होता. पण तो आवाज आजवर कधी कुणाला भ्यायला नव्हता. मग बांगड्या वाजल्या. नळ फिरला, आणि पाणी पडू लागलं. धो धो, भरल्या टाकीचं पाणी. कुणीतरी शांतपणे हात धुतले, नळ बंद केला, आणि पुढचं दार उघडलं.

या ना, आत या, चपला असू देत. हा आमचा हॉल. हा टीव्ही पुठ्ठ्याचा आहे हं, आमच्या ह्यांच्यासारखा, नुसता दिसायला रुबाबदार. हशा पिकला. पुस्तकांना नुसत्या पाठी आहेत, आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच पाहुण्यांसारखं, आतलं कुणी विचारत नाही. आणखी हशा. भाताची पेंढी झोडलीत ना सकाळी? दाणा पडला का एक तरी?

उमैमा ऐकत होती. एकेक वाक्य तिचं होतं. कुठल्या दिवशी, काय करताना ते सुचलं होतं, हेही तिला आठवत होतं. पुठ्ठ्याच्या टीव्हीचं तर तिने कामरानलाच सांगायचं म्हणून ठेवलं होतं, कधीतरी, चांगली सलगी झाल्यावर. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. उठावं, जिन्यात जावं, ओरडावं, हे माझं आहे.

पावलं जिना चढू लागली.

"आणि ही बेडरूम," दारापलीकडून आवाज म्हणाला. "बघण्यासारखी आहे."

दार उघडलं. तीन-चार चेहरे आत डोकावले. गॉगल कपाळावर चढवलेली एक बाई, तिच्या मागे टोपी घातलेला नवरा, आणखी कुणी. त्यांनी पलंगाकडे पाहिलं, पडद्यांकडे पाहिलं, उमैमाकडे पाहिलं. उमैमाला वाटलं आपण बोललो. ओठ हलल्यासारखे वाटले.

"अय्या, नवरी पण करून ठेवलीय!" बाई म्हणाली.

"काय हुबेहूब आहे," टोपीवाला म्हणाला. "शाडूची असेल. की फायबर?"

बाई जवळ आली. तिने वाकून दुपट्ट्याची जर दोन बोटांत धरून पाहिली, मग मनगटावरची पट्टी. तिच्या तोंडाला जनाबाईच्या लसणीच्या चटणीचा वास येत होता. तिचे डोळे उमैमाच्या डोळ्यांवरून गेले, जसे हॉलमधल्या सफरचंदांवरून जात असतील तसे.

"डोळे बघा ना, किती रागीट केलेत," ती म्हणाली.

"हात नका लावू हं," दाराआडून आवाज आला, लाडिक. "रंग निघतो तिचा."

सगळे हसले. दाराच्या चौकटीवर एक हात टेकलेला उमैमाला दिसला. तेवढाच दिसला, मनगटापर्यंत. तिच्या स्वतःच्या तळहातांवरची मेंदी केव्हाच उडून नखांत नारिंगी डाग उरले होते. त्या हातावरची काळपट लाल होती, कालच धुतल्यासारखी.

चेहरे मागे झाले. दार लागलं, आणि बाहेरून कडी सरकली.

६

पाहुणे उतरत कमानीकडे गेले. त्यांचं हसणं गवतातून लांब जात होतं. कामरानला ते ऐकू आलंच असणार. खूश होताना तो कसा घसा साफ करतो ते उमैमाला माहीत होतं, आणि इतक्या लांबून तिने ते ऐकलं. मग त्याने शब्द पाळला.

"उमैमा!" त्याने हाक मारली. अख्ख्या पोशीरला ऐकू जाईल अशी. "चल गं, उमैमा!"

"आले," पायऱ्यांवरून कुणीतरी म्हणालं.

"आले," उमैमा म्हणाली.

तिचा आवाज फाटका आला, पण आला. बंद खोलीत तो भिंतींवर आपटला आणि उघड्या खिडकीतून बाहेर पडला. पहिल्या 'आले'च्या अगदी पाठोपाठ.

खाली सगळं थांबलं.

ती उठली. पाय लाकडासारखे झाले होते, तरी तिने ते खिडकीपर्यंत ओढत नेले आणि चौकट धरली. खाली कमान दिसत होती, टेंपो, गाडीत चढणारे पाहुणे. गाडीच्या नाकाशी कामरान उभा होता, एक हात अजून तोंडाशी तसाच धरलेला, हाक मारतानाचा. उखडलेल्या रस्त्यावरून त्याच्याकडे कुणीतरी चाललं होतं. पाठमोरं, उन्हात जर चमकत होती, चालण्याला जराही घाई नव्हती.

कामरानने मान वर केली.

त्याने खिडकीकडे पाहिलं. ती चौकट धरून उभी होती, त्याला ती दिसत होती, आणि त्याला ती दिसली हे त्याच्या चेहऱ्यावर तिने स्पष्ट वाचलं. त्याचं तोंड किंचित उघडलं. जवळ येणारीकडे त्याने एकदा पाहिलं, पुन्हा खिडकीकडे. त्याला दोघीही ऐकू आल्या होत्या.

गाडीतून कुणीतरी काहीतरी विचारलं, आणि जवळ आलेली जे बोलली त्यावर सगळी गाडी हसली. त्या हशात कामरानचं ते उघडं तोंड मिटत गेलं. त्याने मान खाली घातली. पुढचं दार उघडून त्याने तिला आपल्या शेजारी बसवलं, दुपट्टा दारात अडकू नये म्हणून स्वतःच्या हाताने आत सारला. तसं त्याने उमैमासाठी कधी केलं नव्हतं.

"कामरान," उमैमा म्हणाली. आजवर तिने त्याला कधी नावाने हाक मारली नव्हती.

तो गाडीला वळसा घालून आपल्या बाजूला जात होता. त्याची पाठ ताठ झाली, एक पाऊल जरा चुकलं.

"चला," तो आतल्या सगळ्यांना म्हणाला, जरुरीपेक्षा मोठ्याने. "उशीर होतोय."